भरती आली की पक्षी जातात कुठे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात जामनगरजवळच्या पिरोटन बेटावर आणि तिथे हिवाळ्यात उतरणाऱ्या किनारी पक्ष्यांवर लिहिलं होतं, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. तो अंक ज्यांच्या हातात आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कच्छच्या आखातात दक्षिणेच्या बाजूला लहानमोठी ४२ बेटं आहेत, पिरोटन त्यातलंच एक, आणि हा पट्टा १९८० मध्ये अभयारण्य आणि १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला, समुद्रातलं आपल्या देशातलं पहिलं. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तिथे चिखल्या, तुतवार, गॉडविट, नॉट, ऑयस्टरकॅचर, क्रॅब प्लव्हर असे सगळे हजारोंनी असतात. आता तुमचे प्रश्न घेते.

ताई, त्या पक्ष्यांना बेटंच कशाला हवीत? गुजरातच्या किनाऱ्यावर मैलोन्‌मैल चिखल आहे, तिथे खातील की. बेटांसाठी एवढा आटापिटा का? – एक वाचक, नाशिक

दादा, प्रश्न अगदी बरोबर आहे आणि खरं सांगायचं तर मलाही पहिली चार-पाच वर्षं हे कळलं नव्हतं, कारण आपण पक्षी बघायला जातो ते सुकतीला, चिखल उघडा पडला की, तेव्हा ते सगळीकडे पसरलेले असतात आणि वाटतं की यांना काय कमी आहे.

पण हे पक्षी सूर्यावर चालत नाहीत, ते समुद्राच्या घड्याळावर चालतात. पाणी ओसरलं की खायचं, मग ते दुपारी दोनला ओसरो नाहीतर रात्री दोनला. आणि साधारण सहा तासांनी पाणी परत चढतं. कच्छच्या आखातात तर भरती-ओहोटीतला फरक आपल्या मुंबईपेक्षाही मोठा, त्यामुळे किलोमीटरभर आत गेलेलं पाणी बघता बघता तिवरांच्या मुळाशी येऊन टेकतं आणि जेवायची जागा गायब होते. मग हे हजारो पक्षी करणार काय? बदकांसारखं पाण्यावर तरंगत बसणं यांना जमत नाही, झाडावर बसणारेही यांच्यात थोडेच. त्यांना लागते एक कोरडी, मोकळी, चारी बाजूंनी लांबवर दिसणारी जागा, जिथे कुत्रा, कोल्हा, माणूस येत नाही, आणि तीही जेवणाच्या जागेपासून जवळ, कारण दिवसातून दोनदा ये-जा करायची आहे. अशी जागा म्हणजे बेटाचं रेतीचं टोक, नाहीतर समुद्रात निघालेला रेतीचा दांडा. मुख्य किनाऱ्यावर चिखल भरपूर मिळतो, पण ही विसाव्याची जागा मिळत नाही, तिथे आपण आहोत.

एक दृश्य सांगते. जामनगरच्याच बाजूला एकदा भरतीच्या वेळी अशा एका रेतीच्या दांड्यासमोर दुर्बीण लावून बसले होते. तीन-चारशे पक्षी असतील, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, एक पाय पोटात, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली, जवळून बघितलं तर डोळा मात्र मधूनमधून उघडतोय, म्हणजे झोपेतही पहारा चालूच. मग किनाऱ्याकडून एक कुत्रं आलं, भटकं, त्याला काही करायचं नव्हतं, ते आपलं वास घेत चाललं होतं. सगळा थवा उठला, दोन-तीन मोठे फेरे मारले, परत बसला. कुत्रं परत वळलं, थवा परत उठला. तासाभरात पाच वेळा. शेवटी अर्धे पक्षी कुठेतरी लांब निघून गेले. बघणाऱ्याला ते उडणं फार देखणं दिसतं, लोक व्हिडिओ काढतात, पण प्रत्येक उड्डाणात त्या पक्ष्याची साठवलेली चरबी जळत असते, आणि ती चरबी म्हणजे त्याचं परतीच्या प्रवासाचं डिझेल. त्याच्या वाटेत पंप नाहीत. म्हणून मी बेटांसाठी एवढी भांडते.

हे पक्षी सायबेरियातून येतात असं तुम्ही लिहिता, पण हे नक्की कळतं कसं? अंदाजच ना? – एक वाचक, सोलापूर

अंदाज नाही हो, पायातल्या कड्यावरून कळतं. पक्षी पकडून, मोजून, पायात हलकं कडं नाहीतर रंगीत पट्टी घालून सोडतात, त्यावर नंबर असतो, आणि जगात दुसरीकडे कुठेतरी कोणीतरी तो नंबर दुर्बिणीतून वाचतो. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या चावक्काडच्या किनाऱ्यावर काही वर्षांपूर्वी एक ग्रेट नॉट दिसला, पायावरच्या पट्टीवर ई ७ असं लिहिलेलं, शोध घेतल्यावर कळलं की त्याला रशियाच्या अगदी पूर्वेला, कामचात्काच्या किनाऱ्यावर ती पट्टी घातली होती. नऊ हजार किलोमीटरच्या वर अंतर. आपल्या मुंबईच्या बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, कड्यांवर तर कित्येक वर्षं ‘इन्फॉर्म बॉम्बे’ अशी अक्षरं असायची, म्हणजे ज्याला कोणाला हे कडं सापडेल त्याने मुंबईला कळवा. कुठल्या तरी परक्या देशातल्या शिकाऱ्याने आपल्या हातातल्या मेलेल्या पक्ष्याच्या पायावर आपल्या मुंबईचं नाव वाचायचं, ह्या कल्पनेनेच माझ्या अंगावर काटा येतो.

आता तर पाच-सहा ग्रॅमचे सॅटेलाइट टॅग निघालेत. अलास्कात टॅग लावलेलं बार-टेल्ड गॉडविटचं एक पिल्लू, जेमतेम पाच महिन्यांचं, २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथून उडालं ते थेट टास्मानियात उतरलं, अकरा दिवस, साडेतेरा हजार किलोमीटर, मध्ये कुठेही न थांबता, न खाता, न पिता. निघायच्या आधी हे पक्षी एवढं खातात की वजन जवळजवळ दुप्पट होतं, आणि मग उडताना ओझं नको म्हणून आतडी आणि जठर चक्क आकसून लहान होतात. म्हणजे पोहोचल्यावर लगेच जेवताही येत नाही, आधी पोट पूर्ववत व्हावं लागतं. अशा अवस्थेत तो तुमच्या बीचवर उतरलेला असतो आणि आपण त्याच्यामागे पोरं पळवतो.

नमस्कार ताई, मी दुबईत असतो. तुम्ही ज्या काळ्या-पांढऱ्या क्रॅब प्लव्हरबद्दल लिहिलंत तो आमच्या इथेही बघितलाय. तोच पक्षी आपल्याकडे येतो का? – एक वाचक, दुबई

तोच! आणि तुम्ही त्याच्या माहेरी राहता, आम्ही त्याच्या हिवाळ्याच्या गावी. तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला, कारण ह्या पक्ष्याची गोष्ट बेटांशिवाय सांगताच येत नाही.

जगातले बहुतेक किनारी पक्षी उत्तरेला टुंड्रात जाऊन उघड्यावर अंडी घालतात. हा मात्र तुमच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हात, इराण, अमिराती, ओमान, कुवेतच्या किनाऱ्यांवरच्या रेताड बेटांवर, एप्रिलपासून पुढे, वसाहत करून रेतीत बीळ खणतो. दीड-दोन मीटर लांब बीळ असतं. आत एकच अंडं, आणि ते पांढरंशुभ्र, कारण अंधारात लपवायचं कोणापासून? रेतीची उष्णताच अंडं उबवायचं बरंचसं काम करते, त्यामुळे आईबाप बऱ्याच वेळासाठी बाहेर जाऊ शकतात. पिल्लू बिळात बसून असतं आणि त्याला खेकडे आणून भरवतात. किनारी पक्ष्यांची पिल्लं सहसा जन्मल्याबरोबर पळायला लागतात, आपलं आपण टिपतात. याचं तसं नाही, हे लाडावलेलं. इतकं की हिवाळ्यात पिल्लू आईबापाबरोबर इकडे आल्यावरही मागतच असतं. पिरोटनच्या बाजूला मी स्वतः बघितलंय, मोठा पक्षी खेकडा पकडतो, त्याला आपटून आपटून नांग्या गळून पाडतो, आणि मागे त्याच्याएवढंच मोठं झालेलं करड्या रंगाचं पिल्लू मान खाली घालून चिवचिवत उभं, आणि तो शेवटी देतो त्याला.

आता विचार करा की एकच अंडं, आणि जगात मोजक्याच ठिकाणी वसाहती. त्या बेटावर एखादं रिसॉर्ट झालं, त्याबरोबर उंदीर-मांजरं आली, की त्या वसाहतीचं त्या वर्षीचं सगळं पीक गेलं. बिळातलं अंडं ससाण्यापासून वाचतं, मांजरापासून वाचत नाही. तुम्ही तिकडच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपमध्ये असाल तर एक करा, एप्रिल ते ऑगस्ट बेटांवर बोटीने जाऊन उतरणाऱ्या पिकनिक मंडळींना समजावून सांगा, बिळांवरून नुसतं चाललं तरी रेती ढासळते. आणि जमलं तर ओमानला बार अल हिकमानला जाऊन या, हिवाळ्यात तिथे पाच लाखांच्या आसपास किनारी पक्षी असतात.

आमच्या ग्रुपने गेल्या दोन वर्षांत खाडीकिनारी तिवरांची भरपूर रोपं लावली. तुमच्या लेखात मोकळ्या चिखलाचं एवढं कौतुक वाचून जरा गोंधळायला झालं. झाडं लावणं चुकीचं आहे का? – एक वाचक, ठाणे

काकू, तुमची मेहनत मी कमी लेखत नाही, आणि तिवरांची किंमत आपल्याइतकी कोणाला माहीत असणार, २६ जुलै आपण बघितलाय. पण हा प्रश्न तुम्ही विचारलात याचं मला मनापासून बरं वाटलं कारण यावर कोणी बोलतच नाही.

मोकळा चिखल दिसला की आपल्याला तो पडीक वाटतो. काहीतरी लावूया, हिरवं करूया. पण त्या पडीक दिसणाऱ्या चिखलात हातभर खोल बघा, शिवल्या, बारीक गोगलगायी, किडे, कुर्ल्यांची पोरं, खच्चून भरलेला असतो तो, आणि प्रत्येक पक्ष्याची चोच वेगळ्या लांबीची आहे ती त्याच्या वेगवेगळ्या थरातलं काढण्यासाठीच. तिथे तिवरं लावली की दोन गोष्टी होतात. मुळांत गाळ अडकून जमीन हळूहळू वर येते आणि घट्ट होते, चोच जात नाही. दुसरं म्हणजे उंच झाडं आली की पक्ष्याला लांबचं दिसत नाही, ससाणा कुठून येईल कळत नाही, म्हणून चिखल शिल्लक असला तरी तो झाडीजवळ उतरतच नाही. बांगलादेशात १९६० च्या दशकापासून समुद्रात नव्याने वर येणाऱ्या चरांवर, म्हणजे गाळाच्या बेटांवर, अशी झाडं लावली, वादळापासून माणसं वाचावीत म्हणून, आणि तो हेतू काही खोटा नव्हता, पण तेच नवे चर किनारी पक्ष्यांचे सगळ्यात लाडके होते. ठाण्याच्या खाडीतसुद्धा गाळ साचतो तसं तिवरांचं रान आपोआपच पुढे सरकतंय, तिथे अजून लावायची गरजच काय?

तर माझं मत असं की तिवरं जिथे होती आणि तोडली गेली तिथे परत लावा, जरूर लावा, भराव घातलेल्या जागी पाणी परत खेळतं करा, नुसतं पाणी आलं तरी बऱ्याच ठिकाणी ती आपली आपण उगवतात. पण लावायच्या आधी एक अख्खा हिवाळा ती जागा सुकतीला बघा, जानेवारीत तिथे पक्षी चरताना दिसले तर ती जागा रिकामी नाही, तिथे आधीच कोणीतरी राहतंय.

आमच्याकडे पूर्वी आजोबांच्या काळात जाळी लावून असे छोटे पक्षी धरायचे, आता कमी झालंय पण पूर्ण थांबलेलं नाही. सरळ केसेस टाकून बंद का करत नाहीत? – एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

केस टाकता येते, वन्यजीव कायदा १९७२ पासून आहे. पण मी तुम्हाला सोनादियाची गोष्ट सांगते, मग ठरवा.

बांगलादेशात कॉक्स बाजारच्या जवळ सोनादिया नावाचं बेट आहे. तिथे हिवाळ्यात चिमणीएवढा एक तुतवार येतो, त्याची चोच टोकाला चमच्यासारखी पसरट, अंड्यातून बाहेर येतानाच तसा चमचा घेऊन येतो. रशियाच्या ईशान्य टोकाला चुकोत्काला त्याचं घरटं, तिथून आठ हजार किलोमीटर उडून तो इकडे. २००९-१० च्या सुमाराला त्याच्या जगात मिळून १२० ते २०० जोड्या उरल्यात असा हिशोब निघाला. सोनादियाचे शिकारी काही मुद्दाम त्याला मारत नव्हते, ते मोठे पक्षी मिळावेत म्हणून जाळी लावायचे आणि हा तीसेक ग्रॅमचा जीव त्यात अडकायचा.

तिथल्या पक्षी अभ्यासकांनी पोलीस नाही आणले. ते बेटावर जाऊन राहिले, घरोघर बसले, कोण शिकार करतं, का करतं, वर्षाला त्यातून किती मिळतं हे विचारलं. पंचवीसेक शिकारी निघाले, जवळजवळ सगळे गरीब मच्छीमार, मासळी नसेल तेव्हा पक्षी. मग प्रत्येकाशी बोलून कोणाला जाळी-होडी, कोणाला छोटं दुकान, कोणाच्या घरी शिलाई मशीन असं काहीतरी उभं करून दिलं आणि त्यांनी शिकार सोडतो म्हणून लिहून दिलं. त्यांच्यातलेच काही नंतर पक्ष्यांची राखण करायला लागले. ज्याला पक्षी कुठे बसतो हे सगळ्यात चांगलं माहीत तोच राखणदार, याहून चांगला माणूस कुठल्या खात्याला मिळणार?

पुढे त्याच बेटावर खोल समुद्रातलं बंदर बांधायचं ठरलं होतं, अनेक वर्षं ती टांगती तलवार होती, २०२० मध्ये सरकारने तो बेत सोडला. म्हणून म्हणते, तुमच्या गावात जाळी लावणारी दोन-तीन घरं असतील, तुम्हाला ती माहीत असतील. तक्रार करायच्या आधी एकदा त्यांच्या ओटीवर जाऊन बसा.

आपण आपली बेटं वाचवली पण वाटेत चीन-कोरियात सगळं बुजवून टाकलं तर उपयोग काय? – एक वाचक, पुणे

हे दुखणं खरं आहे. चीन आणि कोरियाच्या मधला पिवळा समुद्र म्हणजे ह्या प्रवासातलं सगळ्यात मोठं जेवणघर, आणि गेल्या पन्नास वर्षांत तिथला निम्म्याहून जास्त चिखलपट्टा भराव घालून संपला. दक्षिण कोरियात सेमान्गुमला २००६ मध्ये ३३ किलोमीटर लांब भिंत घालून अख्खी खाडी बंद केली, जगातली सगळ्यात लांब समुद्रभिंत, आणि तिथे उतरणारे ग्रेट नॉट, हो तेच ई ७ वाले, हजारोंनी येणारे, दुसरीकडे गेले नाहीत, ते मोजणीतूनच नाहीसे झाले. ज्यांना वाटतं की एक जागा गेली तर पक्षी दुसरी शोधतील त्यांनी हे लक्षात ठेवावं, दुसरी जागा आधीच भरलेली असते.

पण गोष्ट तिथे थांबली नाही हेही सांगायला हवं. २०१८ मध्ये चीनने किनाऱ्यावरचे बहुतेक भराव थांबवले. २०१९ मध्ये तिथले चिखलपट्टे जागतिक वारसा झाले, आणि २०२१ मध्ये कोरियातले, ज्यात शिनानची कितीतरी बेटं आहेत. जर्मनी आणि नेदरलंड्सचा वाडन समुद्र तर २००९ पासून त्या यादीत आहे, डेन्मार्कचा भाग २०१४ मध्ये आला, तिथे भरतीच्या वेळी ठरावीक वाळूपट्ट्यांवर पाय ठेवायला बंदी असते आणि लोक पाळतात. आपल्याकडे येणारे बरेचसे पक्षी मध्य आशियाच्या वाटेने येतात, त्या वाटेवर तीस देश आहेत आणि २०२४ मध्ये समरकंदला ठरलं की त्या सगळ्यांचं काम जोडणारं केंद्र भारतात असेल. मग यजमानाचं घर आधी नीट नको का? जामनगरच्या बेटांना उद्यानाचं संरक्षण आहे हे खरं, पण समोरच रिफायनऱ्या आहेत, तेलाच्या पाइपलाइन आणि टँकर आहेत, एक गळती पुरेशी आहे. आणि आपल्या कोकणात आक्षी, नागाव, दिवेआगरला पुळणीवर ज्या जीपा आणि मोटारसायकली फिरवतात, नेमक्या भरतीच्या रेषेवरून, त्याला ना कोणाची परवानगी दिसते ना कोणाचा अटकाव.

घारापुरीच्या लाँचवर कुरवांना फरसाण टाकतात, ते चालतं का? – एक वाचक, डोंबिवली

नाही. मीठ आणि तळलेलं तेल आहे ते. त्यांना मासे पकडता येतात, नुसते बघा, तेवढंच छान दिसतात.

माझी मुलगी सातवीत आहे, तिला हे सगळं वाचून काहीतरी करायचंय. आम्ही कोल्हापूरला, समुद्र लांब. काय करू शकेल ती? – एक आई, कोल्हापूर

ताई, आधी तिला माझ्याकडून शाबासकी. समुद्र लांब असला तरी रंकाळा आणि कळंबा जवळ आहेत, कंठेरी चिखल्या आणि तुतवार तिथेही हिवाळ्यात येतात, पाण्याच्या कडेला शेपूट हलवत चालणारा छोटा तपकिरी पक्षी दिसला की तो तुतवार समजा. तिला एक वही द्या, तारीख, वेळ, किती पक्षी, आणि कोणी त्रास दिला का, कुत्रं, माणूस, ड्रोन, हे पण लिहायचं. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून चालू आहे, त्यात स्थानिक ग्रुपबरोबर सामील होता येतं. जामनगरला २०२५ च्या जानेवारीत ३ ते ५ तारखेला खास किनारी पक्ष्यांची गणना झाली, बेटांवर जाऊन मोजलं, तशी एखादी आपल्या रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्याची व्हावी असं मला फार वाटतं आणि ती करायला तिच्यासारखीच पोरं लागतील.

आणि सुट्टीत कोकणात उतरलात तर भरतीचं वेळापत्रक बघून जा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं उधाण निवडा, अष्टमीच्या भांगाला पाणी फारसं चढत नाही आणि पक्षी विखुरलेलेच राहतात. भरती पूर्ण व्हायच्या दोन तास आधी पोहोचा, वाळूवर पुढे न जाता सुरूच्या बनाच्या कडेला खाली बसा, पांढरे कपडे नकोत, आणि मग हलू नका. पाणी चढेल तसे ते स्वतःच तुमच्या दिशेने सरकत येतात, आधी लांब ठिपके, मग पाय दिसतात, मग पायातलं कडंसुद्धा दिसतं. कडं दिसलं तर कुठल्या पायात, कुठल्या रंगाचं आणि त्यावर काय अक्षर हे वहीत लिहून घ्या, फोटो मिळाला तर अजून चांगलं, आणि आम्हाला पाठवा, कुठून आलाय ते शोधून तिला कळवायचं काम माझं.